संस्थेचा आरंभ आणि ममत्वाचा निषेध

संस्था कोणाची? स्थापकाची, सभासदांची, की ज्या कार्यास्तव ती निघाली त्या कार्याची? घटना लिहिण्यापूर्वीच याचा निर्णय झाला पाहिजे. १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्यानुसार किमान सात जणांनी उद्देशपत्र करून संस्था स्थापावयाची असते. ती विसर्जित झाल्यास मात्र कर्ज फिटून उरलेले द्रव्य सभासदांनी वाटून न घेता दुसऱ्या संस्थेस द्यावयाचे असते. म्हणजे जन्मकाळीच अंताचा विचार, आणि अंतीही ममत्वाचा निषेध!

परंतु कायदा द्रव्याचे ममत्व रोखतो. अधिकाराचे ममत्व रोखण्यास विवेकच लागतो. ‘माझ्यावाचून संस्था बुडेल’ ही भावना सेवेचा वेष घेऊन येते, म्हणून ती ओळखणे कठीण. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी स्थापिली. अग्रपद त्यांच्याकडेच होते. तथापि स्वतःसाठी द्रव्यार्जन न करण्याची प्रतिज्ञा सहकाऱ्यांबरोबर त्यांनीही घेतली. १९१५ मध्ये ते निवर्तले. श्रीनिवास शास्त्री यांनी धुरा घेतली व कार्य पुढे चालले.

तात्पर्य, स्थापक जो नियम स्वतःस लावीत नाही, तो इतरांच्या अंतःकरणात रुजत नाही. विवेकी पुरुषाने पहिल्याच दिवशी आपल्या मागून येणाऱ्याचे स्थान राखून ठेवावे.