परत आलेल्या घोड्याला चाबूक नको



आजचं वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, तिसरी वल्ली (मंत्र ३ ते ९)

मित्रांनो, आजचं रूपक आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचं आहे. यमराज नचिकेताला समजावतात, की शरीर हा रथ आहे आणि आत्मा त्यात बसलेला स्वामी. बुद्धी सारथी, मन म्हणजे लगाम आणि इंद्रियं म्हणजे घोडे. विषय या त्यांच्या धावायच्या वाटा. ज्याचं मन आवरलेलं नाही, त्याची इंद्रियं नाठाळ घोड्यांसारखी सारथ्याला जुमानत नाहीत. ज्याचं मन आवरलेलं आहे, त्याचे घोडे गुणी असतात आणि तो वाटेच्या शेवटी विष्णूच्या परमपदाला पोहोचतो.

गेल्या आठवड्यात सत्संगातला एक मुलगा भेटला. आयटीत नोकरी, वय सव्वीस. पहाटे चारला उठणं, सगळी ॲप्स डिलीट, रोज सोळा माळा, असा नेम त्याने एकदम धरला. अकरा दिवस जमलं. बाराव्या रात्री दोन वाजेपर्यंत रील्स! मला म्हणाला, "दादा, माझं मनच नालायक आहे. आता माळ हातात घ्यायचीसुद्धा लाज वाटते." माळ ड्रॉवरमध्ये ठेवून दिली होती. रील्सचं मला काही वाटलं नाही. पण त्या ड्रॉवरमधल्या माळेचं फार वाईट वाटलं.

म्हणून आज या रूपकातल्या घोड्यांकडेच नीट बघू या. नाठाळ घोडा गुणी होतो तरी कसा?

अमेरिकेच्या पश्चिम भागात, नेवाडासारख्या राज्यांत, मस्टँग नावाचे घोडे मोकळे फिरतात. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या घोड्यांचे हे वंशज. १९७१ च्या कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं. कळप फार वाढले की काही घोडे पकडून लोकांना सांभाळायला दिले जातात. त्या घोड्याला माणसाचा हातही कधी लागलेला नसतो. जुनी पद्धत सरळ होती : बांधा, खोगीर चढवा, वर बसा आणि दमून कोसळेपर्यंत उधळू द्या. इंग्रजीत त्याला घोडा 'मोडणं' असंच म्हणत. घोडा शांत व्हायचा, पण पुष्कळदा त्या शांततेत फक्त भीती असायची.

आजचे चांगले प्रशिक्षक वेगळं करतात. आधी ते एक गोष्ट मान्य करतात, की हा घोडा दुष्ट नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे. वाघ-लांडग्यापासून जीव वाचवायचा तर पळायचं, एवढंच त्याला निसर्गाने शिकवलंय. मग गोल कुंपणात प्रशिक्षक एक पाऊल पुढे टाकतो. घोडा ताठरतो. प्रशिक्षक तिथेच थांबतो, मागे हटत नाही. थोड्या वेळाने घोडा एक कान त्याच्याकडे वळवतो, मान जरा खाली घेतो. नेमक्या त्या क्षणी प्रशिक्षक एक पाऊल मागे सरकतो. दबाव सैल होतो, आणि तेच घोड्याचं बक्षीस! असं शेकडो वेळा होतं. मग हाताचा स्पर्श, मग म्होरकी, मग खोगीर.

यातली खरी मेख अशी, की घोडा दबावाने शिकत नाही. दबाव कधी सुटला, यावरून शिकतो. तो उधळत असताना दबाव सोडला, तर 'उधळलं की सुटका होते' हे शिकतो. आणि तो जवळ आला असताना फटका मारला, तर 'जवळ गेलं की मार बसतो' हे शिकतो.

आता आपला जप आठवा. माळ सुरू आहे, आणि मन कुठल्या कुठे गेलंय. ऑफिसचा मेल, कुणाचं तरी स्टेटस, रात्रीचं जेवण. मग एकदम लक्षात येतं, 'अरे, मी भटकलो होतो!' ते लक्षात येणं म्हणजेच मन परत आलेलं असतं. घोड्याने कान वळवलेला असतो. आणि आपण नेमकं तेव्हाच काय करतो? "शी! दोन मिनिटंसुद्धा जमत नाही तुला!" परत आलेल्या घोड्याला आपण चाबूक मारतो. मग तो उद्या का येईल?

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, की चंचल मन जिथे जिथे जाईल, तिथून तिथून त्याला परत आणावं. त्यात मनाला शिव्या घालायला कुठेही सांगितलेलं नाही. मन आवरणं अवघड आहे, हे अर्जुनाचं म्हणणं तर भगवंत स्वतःच मान्य करतात, आणि अभ्यास व वैराग्य हा उपाय सांगतात.

पण मित्रांनो, याचा अर्थ मोकाट सोडणं असा लावू नका. प्रशिक्षक कुंपणाचं दार उघडं टाकत नाही आणि रोज यायचं चुकवत नाही. रात्री अकराला मन म्हणालं 'आज राहू दे ना, एकच रील', आणि आपण माळ खाली ठेवली, तर तो उधळण्याचा सराव झाला. माळ पूर्ण करायची, भले एकच असो. त्या मुलालाही मी हेच सांगितलं : सोळा नको, एक माळ. पण रोज, ठरलेल्या वेळी, आणि स्वतःला न रागावता.

आणखी एक. यमराजांनी घोडे सोडून द्यायला सांगितलेलं नाही. घोड्यांशिवाय रथ जागचा हलायचा नाही. डोळे, कान, जीभ हीच आपल्याला पंढरपूरला नेणार आहेत.

माऊलींच्या पालखी सोहळ्यात रिंगण होतं. हजारो वारकरी, टाळ-मृदंगाचा गजर, आणि त्या गर्दीमधून दोन अश्व धावतात. एकावर स्वार असतो. दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण तिथे माऊली आहेत ही श्रद्धा. पळून जाणं ज्याच्या रक्तात आहे, तोच प्राणी एवढ्या गजरात रिंगण धरून धावतो, आणि लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. आपल्या इंद्रियांचंही असं होऊ शकतं.

आजचा संकल्प : आज जपात मन परत आलं, की मनातल्या मनात फक्त 'ये' म्हणायचं आणि पुढचा मणी ओढायचा.

हे विठ्ठला, माझे घोडे भित्रे आहेत, मोडू नकोस. लगाम तू धर. 🙏

राम कृष्ण हरी!