रेझिस्टरने दिलेला शब्द

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ मी गेल्या दिवाळीत पुन्हा उघडला. गळके कपॅसिटर आधीच बदलले होते, तरी आवाज दबकाच येत होता. चेसिसखालच्या एका रेझिस्टरवर लाल, लाल, पिवळी, चंदेरी अशा पट्ट्या होत्या. म्हणजे २२० किलोओहम, १० टक्के कमी-जास्त. एक पाय सोडवून मीटर लावला, तर ३१०. असे आणखी पाच निघाले.

यात नवल नाही. जुने कार्बन कॉम्पोझिशन रेझिस्टर उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षं वर सरकत जातात, आणि आमचं घर रत्नागिरीत. अंगावरच्या पट्ट्या मात्र अजून २२०च सांगत असतात.

मी १ टक्केवाले मेटल फिल्म रेझिस्टर लावले. वॅट आणि सोसायचा व्होल्टेज बघूनच घेतले, कारण पाव वॅटचे साधे रेझिस्टर बहुतेक २५० व्होल्टपर्यंतचेच असतात आणि या रेडिओत त्याहून जास्त व्होल्टेज फिरतो. तिथे तडजोड नाही. रेडिओ खणखणीत वाजला.

आई दोन मिनिटं ऐकत राहिली. म्हणाली, "छान झालाय रे. पण हा अण्णांचा रेडिओ वाटत नाही."

मला वाईट वाटलं, कारण तिचं खरं होतं. तिने लहानपणी ऐकला तो आवाज आधीच सरकलेल्या रेझिस्टरांचा होता. अण्णांनी दुकानात ऐकून पसंत केला, तो बहुधा आजच्यासारखा असणार. मग मी दुरुस्त कुणाचा रेडिओ केला? कारखान्याचा, अण्णांचा की आईचा?

३१० किलोओहमच्या जवळपासचे रेझिस्टर लावून आईचा आवाज परत आणता आला असता. पण मग व्हॉल्व्हना पुन्हा अपुरा व्होल्टेज मिळाला असता. बिघाडाची सवय होते, तिच्यावर मायाही जडते; म्हणून तो बिघाड उरत नाही असं नाही. मी पट्ट्यांनी दिलेला शब्द पाळायचं ठरवलं.

दुसरा मोह वेगळा होता. काहीजण जुन्या भागाचं टरफल पोखरून आत नवा भाग बसवतात, म्हणजे सगळं मूळचंच दिसतं. माझ्या हातून ते झालं नाही. पुढे कधीतरी कुणीतरी हा रेडिओ उघडेल, त्याने जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवला पाहिजे. माझे निळे रेझिस्टर तिथे उपरे दिसतात. दिसू देत.

काढलेले सहा रेझिस्टर मी एका पाकिटात घातले, प्रत्येकाचं मोजमाप आणि जागा कागदावर लिहिली, आणि पाकीट कॅबिनेटच्या आत चिकटवलं. आईला सांगितलं, "तुझा रेडिओ यात आहे. म्हणशील तेव्हा परत जोडतो."

तिने अजून म्हटलेलं नाही. सकाळी रेडिओ लावते, आणि आवाज मात्र थोडा कमी ठेवते.