‘तरच’ची जबाबदारी

मराठीतला ‘च’ दिसायला एकच अक्षर. पण तो कोठे बसतो यावर वाक्याचा निवाडा ठरतो. ‘महाकाल दक्षिणाभिमुखच आहे’ आणि ‘महाकालच दक्षिणाभिमुख आहे’ ही दोन विधाने एक नव्हेत. पहिले महाकालाला दुसरी दिशा नाकारते. दुसरे उरलेल्या अकरा ज्योतिर्लिंगांना ती दिशा नाकारते. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांत हिंदीतला ‘ही’ हेच काम करतो. संस्कृतातील ‘एव’ची अशीच छाननी सातव्या शतकात धर्मकीर्ती या बौद्ध तार्किकाने केली होती.

हा ‘च’ ‘तर’ला चिकटला की खरी गोम सुरू होते. ‘गुरू सिंहेत असेल तरच उज्जैनला सिंहस्थ भरतो.’ याचा तर्कशास्त्रीय अर्थ एवढाच, की गुरू सिंहेत नसेल तर सिंहस्थ नाही. गुरू सिंहेत आला की उज्जैनला मेळा भरलाच, असे नव्हे. २०१५च्या पावसाळ्यात गुरू सिंहेतच होता, पण मेळा नाशिकला होता. क्षिप्रेवर तो भरला २०१६च्या एप्रिल-मे महिन्यांत, सूर्य मेषेत गेल्यावर. ‘तरच’ अट आवश्यक ठरवतो, पुरेशी नव्हे. इंग्रजीतल्या ‘ओन्ली इफ’चेही गणितात हेच. दोन्ही अर्थ हवे असतील तेथे गणिती ‘जर आणि तरच’ म्हणतो.

पण घरात कोणी गणिताच्या भाषेत बोलत नाही. एक पालक मुलीला म्हणाले होते, ‘पहिला वर्ग मिळाला तरच इंदूरला शिकायला पाठवीन.’ तिने तो मिळवला. तेव्हा वडील म्हणाले, ‘नाही मिळाला तर पाठवणार नाही, एवढेच मी बोललो होतो.’ तर्काच्या पट्टीने त्यांचे वाक्य खोटे ठरत नाही. मग ते सचोटीने वागले का?

माझ्या मते, नाही. गुरू कोणाला वचन देत नाही, बाप देतो. अट पुरी झाल्यावरही द्यायचे नसेल, तर ती घालायचे प्रयोजनच काय? मुलगी त्याच भरवशावर वर्षभर रात्री जागली आणि वडील ते पाहत होते. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. तरीही धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला. शब्द खरा असणे आणि माणूस खरा असणे यांत अंतर आहे ते एवढेच.

पैशाची अडचण असेल तर ती मुलांना उघड सांगावी. मुले समजून घेतात. मात्र ‘च’च्या आड लपू नये.