एकच व्यायाम, वेगवेगळी शरीरे

व्यायाम सारखा, काळ सारखा आणि खाणेही सारखे ठेवले, तरी दोन माणसांच्या अंगावरची चरबी सारखी उतरत नाही. भरभर चालणे, धावणे, सायकल चालवणे, पोहणे असा श्वास वाढवणारा आणि बराच वेळ करता येणारा व्यायाम म्हणजे एरोबिक व्यायाम. त्याचा परिणाम केवळ वजनावर पाहिला तर अर्धाच दिसतो. शरीरात चरबी किती, स्नायू किती, आणि ती चरबी कातडीखाली आहे की पोटाच्या पोकळीत आतड्यांभोवती, हे अधिक महत्त्वाचे असते. या बदलांवर अनुवंशाचा प्रभाव आहे का, याचा चांगला पुरावा जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून मिळाला.

एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. म्हणून एका जोडीतले दोघे भाऊ सारखे बदलले आणि जोड्या-जोड्यांत मात्र मोठे अंतर पडले, तर त्यामागे अनुवंश असल्याचे मानता येते. कॅनडातील क्लोद बूशार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण पुरुषांच्या अशा सात जोड्या घेऊन त्यांना 93 दिवसांत बहुतेक रोज, दिवसातून दोनदा सायकल चालवायला लावली. आहार आधी होता तेवढाच ठेवला. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वजन सरासरी 5 किलोने घटले आणि ही घट जवळपास सगळी चरबीतून झाली. पण कोणी एखादाच किलो उतरला, तर कोणी आठ. भाऊ मात्र भावासारखा उतरला, आणि पोटातल्या खोल चरबीच्या बाबतीत हे साम्य विशेष ठळक होते.

अमेरिका आणि कॅनडात 1990च्या दशकात झालेल्या हेरिटेज कुटुंब अभ्यासात आईवडील आणि त्यांच्या प्रौढ मुलांना 20 आठवडे, आठवड्यातून तीनदा सायकलवर व्यायाम दिला गेला. चरबीतली सरासरी घट एका किलोच्या आतच राहिली. प्राणवायू वापरण्याच्या क्षमतेतली वाढ कोणात नगण्य, तर कोणात भरघोस होती, आणि या तफावतीचा सुमारे 47 टक्के भाग घराण्याशी निगडित असल्याचे आढळले. कुटुंबात जनुकांबरोबर चुलीवरचे जेवण आणि सवयीही सामाईक असतात, त्यामुळे हा आकडा जनुकांच्या वाट्याची वरची मर्यादा समजावा.

जनुकांचा हा प्रभाव शरीरात अनेक ठिकाणी घडतो. व्यायामाच्या वेळी ॲड्रेनलिन चरबीच्या पेशींवरील ग्राहकांना (रिसेप्टर) चिकटते आणि साठा मोकळा होऊ लागतो. या ग्राहकांची घडण ठरवणाऱ्या जनुकांत माणसागणिक बारीक फरक असतात. मोकळी झालेली चरबी जाळण्याचे काम स्नायूंतील मायटोकाँड्रिया करतात, त्यांची संख्या आणि कुवतही सर्वांत सारखी नसते. तिसरी जागा भुकेची. काही जण व्यायामानंतर नकळत जास्त खातात आणि खर्च झालेली ऊर्जा भरून काढतात. त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का मारला जातो, तो अन्यायाचा आहे.

सर्वांत जास्त अभ्यास एफटीओ या जनुकाजवळच्या फरकाचा झाला. 2007 मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांत असे आढळले की आई आणि वडील दोघांकडून या फरकाची जोखमीची प्रत मिळालेल्यांचे वजन, एकही प्रत नसलेल्यांपेक्षा सरासरी तीन किलोने जास्त असते. पुढे 2011 मध्ये दोन लाखांहून अधिक प्रौढांची माहिती एकत्र केली, तेव्हा अंगमेहनत करणाऱ्यांत या जनुकाचा प्रभाव सुमारे एक चतुर्थांशाने कमी दिसला. हेरिटेज अभ्यासात जोखमीच्या दोन्ही प्रती असलेल्या गोऱ्या सहभागींची चरबी इतरांपेक्षा कमी उतरली खरी, पण या जनुकीय फरकाने चरबीतल्या बदलाच्या तफावतीपैकी केवळ 2 टक्क्यांचा उलगडा झाला. वजन कमी करण्याच्या आठ नियंत्रित चाचण्यांची 2016 मधील एकत्रित छाननी तर सांगते की या जनुकाची जोखमीची प्रत असलेले लोकही इतरांइतकेच वजन उतरवतात. वजनाशी नाते असलेल्या अशा शेकडो जागा जनुकसंचात आहेत आणि प्रत्येकीचा वाटा इवलासा आहे. त्यामुळे लाळेची चाचणी करून व्यायाम नेमून देण्याचा व्यवसाय विज्ञानाच्या फार पुढे धावतो आहे. 2015 मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एकत्रितपणे हाच निर्वाळा दिला.

हे बहुतेक अभ्यास युरोपीय वंशाच्या, पोटभर खाणाऱ्या लोकांवर झाले. भारतीय शरीराचा प्रश्न वेगळा आहे आणि तो पुण्यात स्पष्ट मांडला गेला. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, सारखाच, 22.3 होता. पण युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के चरबी होती, तर याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली ही तुलना जगभर गाजली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून सुरू झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो भरले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. पुण्याकडच्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून होती. याच संशोधकांना 2009 मध्ये असे दिसले की भारतीयांत एफटीओचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वाढलेल्या वजनाने पुरता स्पष्ट होत नाही. म्हणजे जनुक जन्माने मिळते, पण ते ज्या शरीरात काम करते, ते आईच्या पोटातच घडू लागलेले असते.

त्या खेड्यांत आणखी एक गोष्ट नोंदली गेली. गरोदरपणात शेतीची आणि पाणी आणण्याची जड कामे करणाऱ्या स्त्रियांची बाळे आकाराने लहान भरली. ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाडच्या डोंगराळ पट्ट्यालाही हे निरीक्षण लागू पडू शकते. याच पट्ट्यात उंबरमाळी हे मुंबई लोकलच्या कसारा मार्गावरचे, खर्डीपुढचे स्थानक आहे. आसपासच्या पाड्यांवर ठाकर, कातकरी, महादेव कोळी राहतात. राब भाजण्यापासून आवणी, कापणी, झोडणीपर्यंत आणि नंतर वीटभट्टीवर, इथले कष्ट व्यायामशाळेतल्या कोणत्याही वेळापत्रकापेक्षा मोठे आहेत. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, तरी उन्हाळ्यात अनेक पाड्यांवरच्या बायकांना हंडे डोक्यावर घेऊन लांबची वाट चालावी लागते.

अशा शरीरांना कॅनडातल्या जुळ्यांचा हिशेब लावता येत नाही. त्या तरुणांच्या अंगावर चरबीचा साठा होता, म्हणून ऊर्जेची तूट त्यातून भरून निघाली आणि स्नायू शाबूत राहिले. साठा जितका तोकडा, तितका तुटीच्या काळात स्नायूंचाच अधिक भाग खर्ची पडतो, हे संशोधक गिल्बर्ट फोर्ब्स यांनी दाखवून दिले आहे. अर्धपोटी राहून मैलोन्‌मैल चालणाऱ्या बाईच्या बाबतीत जनुकीय फरकाआधी ताटातली डाळ आणि पाण्याची विहीर यांचा विचार झाला पाहिजे.

तिचाच मुलगा भिवंडीच्या गोदामात किंवा मुंबईत बैठ्या कामाला लागतो, तेव्हा चित्र पालटते. चालणे सुटते, तळलेले आणि गोड रोजचे होते, आणि कमी स्नायूंच्या, सडपातळ दिसणाऱ्या शरीरात पोटाची चरबी वाढू लागते. वजनकाटा ती पकडत नाही. म्हणून भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर धरली जाते, आणि बॉडी मास इंडेक्स 23 झाला की जोखीम सुरू झाली असे मानतात. अशा तरुणाने नियमित चालायला सुरुवात केल्यावर काट्यावर फरक दिसला नाही, तरी घेर कमी होऊ शकतो, रक्तातली साखर स्नायूंकडे अधिक सहज जाऊ लागते आणि दम टिकतो. हे फायदे वजनातल्या घटीवर अवलंबून नसतात, आणि एफटीओच्या जोखमीच्या प्रतींमुळे ते नाकारलेही जात नाहीत.