लेखी द्या

मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडी सेविकेला 2019 साली सरकारी फोन मिळाला. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये पोषण अभियान सुरू झालं होतं, त्यातून राज्यभरातल्या लाखाच्या आसपास सेविकांना असे फोन वाटले गेले. तोवर तिच्या सगळ्या नोंदी रजिस्टरांत होत्या, आणि रजिस्टरं होती अकरा. आता कोणाच्या घरी कोण गरोदर, कितवा महिना, कोणत्या बाळाचं वजन किती भरलं, टीएचआर, म्हणजे घरी द्यायचा आहार, कोणाला पोचला, हे सगळं फोनमध्ये भरायचं होतं. फोनला कुलूप होतं. म्हणजे तो सुरू होई, पण कामाचं ॲप आणि नेमून दिलेल्या दोन-चार गोष्टी सोडल्या तर त्यात काही दिसत नसे आणि नवं काही टाकता येत नसे.

वजनाचं महत्त्व त्या भागात कोणाला शिकवावं लागत नाही. 1992-93 मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने मुलं गेली तेव्हा सारं राज्य हादरलं होतं. सेविका त्या वेळी शाळकरी पोर होती. आता काट्याच्या झोळीत बाळ बसवलं की ती कोणाशी बोलत नसे. आकडा दोनदा वाचून मगच बाळाला उचलत असे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, अंगणवाड्या बंद झाल्या. तिचा नवरा वीटभट्टीवरून घरी आला. ती तोंडाला पदर लावून घरोघर टीएचआरची पाकिटं पोचवत राहिली. लेक नववीतून दहावीत गेली आणि जूनमध्ये शाळेने अभ्यास व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली. घरात फोन दोन. एक नवऱ्याचा बटणांचा, आणि दुसरा हा सरकारी.

"आई, खोडाळ्याला बाजारात तो मोबाइलवाला आहे ना, तो पाचशे रुपयांत मोकळा करून देतो," लेक म्हणाली. "पलीकडच्या पाड्यावरच्या ताईंनी केलाय. त्यांचा पोरगा त्यावर रोज अभ्यास करतो."

"सरकारी वस्तू आहे ती. अंगणवाडीतले तांदूळ आपण घरी शिजवतो का?"

"तांदूळ खाल्ले तर संपतात. फोन वापरला तर काय संपतं?"

सेविकेकडे यावर उत्तर नव्हतं. तिने चूल फुंकायला घेतली. पोरीचं म्हणणं खोटं नव्हतंच. रात्रभर तो फोन पत्र्याच्या पेटीवर नुसता पडलेला असे, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर दहावीची पोर जुनं पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत बसे. हा नियम जिथे बसून ठरवला गेला, तिथल्या घरांत फोनांची कमतरता नव्हती. एकाच स्मार्टफोनच्या घरात तो कसा बोचेल, याचा विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी त्या घरात रोज घडे आणि जिच्याबद्दल कोणी बोलत नसे. सेविकेची बोटं त्या पडद्यावर चालत नसत. दिवसभर ती कागदावर टिपून आणी आणि संध्याकाळी लेक ते फोनमध्ये भरून देई. सरकारचं काम सरकारच्या फोनवर पोर करत होती, बिनपगारी. तिचं स्वतःचं काम मात्र त्याच फोनवर करायला मनाई होती. दोनदा सेविकेने पाचशे रुपये रुमालात बांधले. दोनदा सोडले.

श्रावणातल्या एका संध्याकाळी पाड्यावरची एक सून दारात आली. पाचवा महिना होता. आत यायला तयार होईना. दाराशीच उभी राहून तिने हळू आवाजात विचारलं, "ताई, मी तुम्हाला मागच्या वेळचं सांगितलं होतं ना, ते त्या फोनमध्ये आहे का? आमच्या घरात कोणाला ते माहीत नाही."

"आहे. लिहावं लागतं. यावेळी जपायचं तर डॉक्टरांना कळायला हवं."

"पण कोणाला दिसत नाही ना?"

"नाही दिसत. कुलूप आहे त्याला."

सून गेली. लेक आतून सगळं ऐकत होती. बराच वेळ तिने वहीचं पान उलटलं नाही. मग म्हणाली, "आई, मला दिसतं ना. मीच भरलंय ते."

सेविका पोरीकडे बघत राहिली. खोडाळ्याच्या दुकानात फोन गेला असता तर तो दिवसभर एका परक्या पोराच्या हातात राहिला असता, एवढं तिला कळत होतं. पण कुलूप तर आधीच उघडं होतं, आणि ते तिने स्वतःच उघडून दिलं होतं. वर आत्ताच ती एका बाईला दारात उभी करून 'नाही दिसत' म्हणाली होती. फोन वापरला तर काय संपतं, या लेकीच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं. तांदूळ सरकारचे होते. हे मात्र सरकारचं नव्हतंच, त्या सुनेचं होतं, आणि ते वापरू द्यायला किंवा वाटून टाकायला सेविका कोणीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने लेकीच्या वहीतलं एक पान घेतलं आणि स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला. लेकीला तिने तो लिहू दिला नाही. अर्जात दोनच गोष्टी होत्या. मुलगी दहावीला आहे, घरात दुसरा स्मार्टफोन नाही, तरी संध्याकाळी दोन तास अभ्यासासाठी हा फोन वापरायची परवानगी मिळावी. आणि परवानगी मिळत नसेल तर एवढं कळवावं, की मला माहिती भरता येत नाही म्हणून माझी मुलगी ती भरते. हे नियमात बसतं का? बसत नसेल तर मला शिकवावं.

या अर्जाविषयी मला मनापासून आदर वाटतो. नियम मोडणारे पुष्कळ असतात, मुकाट पाळणारे त्याहून पुष्कळ. नियम करणाऱ्याला समोर बसवून, स्वतःची उणीव आधी कबूल करून, त्याला प्रश्न विचारणारं माणूस क्वचित भेटतं.

बीटच्या, म्हणजे आसपासच्या अंगणवाड्यांच्या बैठकीत तिने तो कागद त्यांच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविकेच्या हातात दिला. मॅडमनी वाचला, घडी घातली, पुन्हा उघडला.

"ताई, पहिलं तर होणारच नाही. ते कुलूप माझ्या हातात नाही, प्रकल्पाच्याही नाही."

"बरं. तसं लेखी द्या."

"आणि हे दुसरं कशाला लिहिलंत? सगळ्यांचीच पोरं भरतात. मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे, मॅडम. त्या बायांना माहीत नाही."

मॅडम गप्प झाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांच्या बीटमध्ये बऱ्याच अंगणवाड्या होत्या, डोंगरातले रस्ते होते, आणि वरून रोज आकडे मागणारे निरोप होते. आकडे आले की ते कोणाच्या बोटांनी आले हे विचारायला त्यांना कधी फुरसत मिळाली नव्हती. त्या दिवशी लेखी उत्तर काही मिळालं नाही. पण पुढच्या बैठकीला मॅडम तासभर आधी आल्या आणि ज्या सेविकांना भरता येत नव्हतं त्यांना शाळेच्या ओट्यावर बसवून एकेक पान दाखवू लागल्या. आधी तिघी बसल्या. मग लाजत लाजत आणखी आल्या. गणपती संपेपर्यंत आमची सेविका स्वतः वजन भरू लागली. चुकत होती, दोनदा तपासत होती. एका घराच्या नोंदीला अर्धा तास लागे. पण ती नोंद तिच्या हाताची होती.

लेकीच्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या. फोन मात्र मिळाला नाही, आणि त्याचं दुःख खरं होतं. वर्गातल्या इतर मुली तिच्या पुढे गेल्या. आदिवासी विकास विभागाने त्या वर्षी 'अनलॉक लर्निंग' सुरू केलं होतं आणि आश्रमशाळांचे शिक्षक पाड्यांवर जात होते. लेक चालत शेजारच्या पाड्यावर त्यांच्याकडे जाई, प्रश्नपत्रिका हाताने उतरवून आणी आणि सोडवून परत नेऊन देई.

पलीकडच्या पाड्यावर वेगळंच घडलं होतं. ते त्या ताईंनी कितीतरी महिने कोणाला सांगितलं नाही. कामाचं ॲप रेंज नसतानाही चाले. भरलेलं सगळं फोनमध्येच साठून राही आणि टेकडीवर जाऊन सिंक केलं की वर पोचे. पावसात टेकडीवर जाणं झालं नव्हतं. खोडाळ्याच्या पोराने कुलूप काढायला फोन कोरा केला, तेव्हा साठलेली सगळी वजनं गेली. ताईंनी अंदाजाने काही पुन्हा भरली, बाकी सोडून दिली. त्यांत दोन वर्षांचं एक पोर होतं. पुढच्या महिन्यात त्याचं वजन कमीच भरलं, पण एका वजनावरून फारसं कळत नाही. आधीच्या वजनाशी ताडून बघितलं तर पोर किती उतरतंय ते कळतं, आणि आधीचं वजन गेलं होतं. शेवटी आशा स्वयंसेविकेने दंडाला पट्टी लावली आणि ती साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल रंगात गेली, तेव्हा धावपळ झाली. पोराला जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालयात नेलं. ते वाचलं, बरं झालं. पण महिनाभर आधी कळलं असतं, आणि हे त्या ताईंना रात्री झोपू देत नसे. त्यांनी कुलूप काढलं होतं ते स्वतःच्या लेकरासाठी. त्यात हाव नव्हती. म्हणूनच त्यांच्यावर रागावणं मला जमत नाही.

2021 उजाडलं. मार्चमध्ये जुनं ॲप जाऊन पोषण ट्रॅकर आला, तो इंग्रजीत. फोन दोन जीबी रॅमचे. नवं ॲप त्यात उघडायलाच तयार नसे, उघडलं तर फोन तापून बंद पडे. वॉरंटी संपल्यावर दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या माथी येऊ लागला. ऑगस्टमध्ये संघटनांनी हाक दिली आणि राज्यभर सेविका प्रकल्प कार्यालयांत जाऊन फोन परत करू लागल्या. आदल्याच महिन्यात दहावीचा निकाल लागला होता. परीक्षा रद्द झाल्याने नववीचे गुण आणि दहावीचं वर्षभराचं मूल्यमापन धरलं होतं. हाताने उतरवलेल्या त्या प्रश्नपत्रिका कामी आल्या, लेक पास झाली. अकरावीसाठी बापाने दोन शेळ्या विकून तिला जुना फोन घेऊन दिला.

मोखाड्याच्या कार्यालयासमोर बायांची रांग लागली होती. आपला फोन टेबलावर ठेवायचा, निवेदन द्यायचं, पोच घ्यायची. पलीकडच्या पाड्यावरच्या ताई मात्र पिशवी छातीशी धरून झाडाखाली उभ्या होत्या.

"तू का नाही येत?" सेविकेने विचारलं.

"कसा ठेवू? बघताक्षणी कळेल त्यांना. माझ्याच पगारातून कापतील. आणि या एका फोनवरून बोलतील, की सगळ्या बायकांनी असंच केलं, म्हणून बिघडले." त्या रडू लागल्या. पोराचं, वजनांचं, सगळं त्यांनी तिथेच सांगितलं. मग म्हणाल्या, "तुझं बरं आहे. तू मोठ्याने बोलू शकतेस."

सेविका त्यांच्याजवळ बसली. "लिहून दे. फोडलंस ते लिही. का फोडलंस तेही लिही. वजनं गेली ते लिही, आणि साठवलेली वजनं एकाच फोनमध्ये ठेवायला लावली होती, पावसात रेंज नव्हती, तेही लिही."

"काढून टाकतील मला."

"मी सोबत उभी राहते."

ताईंनी लिहिलं. दोघी मिळून आत गेल्या. कारकुनाने कागद वाचला आणि मॅडमना हाक मारली. मॅडमनी तो दोन वेळा वाचला. रागावल्या, आणि चांगल्याच रागावल्या; एका पोराच्या जिवाशी गाठ होती आणि रागावणं योग्यच होतं. ताईंनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. मग मॅडमनी त्या कागदावर आवक क्रमांक टाकायला सांगितला आणि मागे त्या पाड्याच्या सगळ्या मुलांची वजनं नव्याने घ्यायची तारीख लिहिली.

सेविकेने आपला फोन ठेवला. तो तापला होता, पण कुलूप जसंच्या तसं होतं आणि वर पाठवायचं काही शिल्लक नव्हतं. तिने पोच मागितली, ती मिळाली.

"ताई, फोन दिलात ते ठीक," मॅडम म्हणाल्या. "पण नोंदी थांबवता येणार नाहीत. वरून निरोप आहे. आता स्वतःच्या फोनवर भरा. घरी घेतलाय ना नवा?"

"घेतलाय. लेकीचा आहे. त्यात तिचा अभ्यास आहे, तिच्या मैत्रिणी आहेत, तिचा भाऊ गाणी ऐकतो. त्याला कुलूप नाही." सेविका खुर्ची ओढून समोर बसली. "पाड्यावरच्या बायांचे आधार नंबर, त्यांचे महिने, त्यांची दुखणी मी त्यात कुठे ठेवू, तेवढं सांगा. आणि लेखी द्या."