कडीचा आवाज

सकाळी पोरांना उठवणं हे घरोघरचं रोजचं काम. कुणाला चार हाका माराव्या लागतात, कुणाच्या अंगावरची गोधडी ओढावी लागते, कुणी 'पाचच मिनिटं' म्हणून पुन्हा कूस बदलतं. आपल्याला वैताग येतो. पण असं गाढ झोपलेलं पोर म्हणजे घराला मिळालेली पावतीच असते. मी झोपलो तरी इथे काही बिघडणार नाही, एवढा भरवसा असल्याशिवाय अशी झोप लागत नाही.

काही पोरांना मात्र उठवावंच लागत नाही. दाराची कडी वाजली की ती जागी होतात. डोळे मिटलेलेच ठेवतात आणि कानांनी घर वाचतात. चप्पल काढली की भिरकावली, तांब्या ठेवला की आदळला, यावरून पुढचा तासभर कसा जाणार हे त्यांना कळतं. सातआठ वर्षांच्या या पोरांना अजून पाढे नीट येत नसतात, पावलं मात्र अचूक ओळखता येतात.

हीच पोरं पुढे शाळेत जाऊन बसतात. शाळा शिरूरकडे घोड नदीच्या काठावरची असो, नाहीतर दौंडकडे भीमेच्या. गुरुजी फळ्यावरची कालची तारीख पुसायला हात वर करतात आणि पहिल्या बाकावरचं पोर चटकन मान खाली घालून हात कानाशी नेतं. गुरुजींना कळतही नाही. थोड्या वेळाने त्यालाच प्रश्न विचारला जातो, ते गप्प उभं राहतं, मागे कुणीतरी हसतं, आणि वर्गात त्याचं नाव कायमचं ठरून जातं: ढ.

आजचा विचार या एका अक्षराचा.

शिरूरच्या बेट भागातल्या शेतकऱ्याला तो चटकन समजेल. तिथल्या पिंपरखेड, जांबूत या गावांची नावं अलीकडे बिबट्याच्या बातम्यांतच जास्त ऐकू येतात. शेतीची थ्री फेज लाईट रात्रीची असली की उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात बॅटरी. पाचट जरा सळसळलं की अंगावर काटा येतो, छाती धडधडू लागते. अशा वेळी बांधावरून कुणी विचारलं, 'सतरा अठ्ठे किती?' तर तो काय सांगणार? पाढा त्याला पाठ आहे, पण त्या घडीला सापडायचा नाही. सगळं डोकं फडाकडे लागलेलं असतं. म्हणून काही त्याला कुणी ढ म्हणत नाही. जिवाला जपतोय, असंच म्हणतात.

सकाळ झाली की तो शेतकरी घरी येतो, चहा घेतो, काळीज ठिकाणावर येतं. ज्या पोराचा धाक घरातच राहतो, त्याची अशी सकाळ होत नाही. ज्या हातून घास घ्यायचा त्याच हाताला भ्यायचं, मग पळून जायचं तरी कुणाकडे? असं पोर वर्गात बसलेलं असतं तेव्हाही त्याच्या हातात ती बॅटरी असते. ते राखणीला बसलेलं असतं. शिकायला त्याला सवड नसते.

शरीराची ही रचना जीव वाचवण्यासाठीच आहे. धोका जाणवला की मेंदूत खोलवर असलेलं, बदामाएवढं अमिग्डाला नावाचं केंद्र इशारा देतं. कॉर्टिसॉलसारखी संप्रेरकं रक्तात उतरतात आणि शरीर पळण्याच्या किंवा झुंजण्याच्या तयारीला लागतं. हे अधूनमधून झालं तर काही बिघडत नाही. वाढीच्या वयात हीच तयारी वर्षानुवर्षं चालू राहिली, तर मात्र मेंदूची घडणच त्या तयारीला धरून होऊ लागते. आठवणी रचून ठेवणारा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. लहानपणी छळ सोसलेल्या प्रौढांच्या मेंदूच्या तपासण्यांत तो सरासरीने लहान आढळला आहे. अशा माणसांत रागावलेला चेहरा दिसताच अमिग्डाला अधिक जोराने इशारा देते. थांबणं, विचार करणं, स्वतःला आवरणं ही कामं कपाळामागच्या भागाची. तो भाग विशी ओलांडेपर्यंत घडत असतो आणि ताणाचा फटका त्यालाही बसतो. मग वाचलेलं टिकत नाही, हातचा धरायचा राहून जातो, लहानशा कारणाने हात उगारला जातो, नाहीतर पोर दगडासारखं गप्प होतं.

या पोरांचे चेहरे एकसारखे नसतात, म्हणून आपण फसतो. एक गप्प बसतं, त्याला आपण मठ्ठ म्हणतो. दुसरं मारामाऱ्या करतं, त्याला वाह्यात म्हणतो. तिसरं कधीच हट्ट करत नाही, सांगण्याआधी पाणी आणून देतं, मोठ्यांच्या कपाळावरची आठी पाहून वागतं. त्याचं आपण कौतुक करतो, किती शहाणं! त्या शहाणपणाची किंमत बऱ्याचदा मोठेपणी कळते, विनाकारण दाटणाऱ्या भीतीतून आणि मोडलेल्या झोपेतून.

'आम्हीही मार खाल्ला, आमचं काय बिघडलं?' हे वाक्य आपल्याकडे पारावर हमखास ऐकू येतं. एखादी चापट आणि रोजचा धाक यांत अंतर आहे, हे खरंच. मार खाऊनही पुष्कळ जण नीट उभे राहिले, हेही खरं. पण नीट पाहिलं तर त्यांतल्या बहुतेकांना रडून झाल्यावर जिच्या पदराआड जाता येईल अशी एखादी आजी होती, मावशी होती, शेजारची काकू होती. आणि काही बिघडलं नाही असं म्हणणाऱ्याच्या चपलांचा आवाज त्याचं स्वतःचं पोर रात्री कान देऊन ऐकत नसेल ना, हेही एकदा पाहायला हवं.

हे दुखणं थोड्या घरांपुरतं नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. महाराष्ट्रही त्यांत होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसल्याचं सांगितलं, आणि घरात मारणारे बहुतांशी आईवडीलच होते. अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी हजारो प्रौढांना त्यांच्या लहानपणाविषयी विचारलं आणि १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्न यांचा धोका यांतलं काहीच न सोसलेल्यांच्या चार ते बारा पट दिसला. पन्नाशीतला दारुडा आपल्याला दिसतो. त्याच्या आतलं, कडी वाजताच जागं होणारं सात वर्षांचं पोर दिसत नाही.

इजा मारानेच होते असंही नाही. रुमेनियात चाउशेस्कूची राजवट १९८९ च्या अखेरीस कोसळली, तेव्हा तिथल्या अनाथालयांत हजारो मुलं होती. अन्न, कपडा, पाळणा मिळत होता. पाळण्यावर वाकून बोलणारं माणूस मात्र नव्हतं. पुढे बुखारेस्टमध्ये संशोधकांनी अशा १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्यांना कुटुंबांत सांभाळायला दिलं गेलं. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी अधिक सावरली, आणि वयाच्या दोन वर्षांच्या आत गेलेल्यांची सगळ्यांत जास्त. मेंदूला भाकरीइतकीच बोलण्याची भूक असते, हे त्या रिकाम्या पाळण्यांनी सांगितलं.

इथे एक गल्लत टाळायला हवी. गरिबी म्हणजे छळ नव्हे. दिवाळीच्या सुमाराला दौंड-शिरूरच्या फडांवर मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात आई फडात जाते. कोपीबाहेर झोळीत तान्हं असतं आणि झोळीला झोका देणारी आठ वर्षांची ताई असते. त्या आईला कुणी निष्ठुर म्हणू नये. तिने उचल घेतली आहे, ती फेडायची आहे. त्या ताईची शाळा बुडते तो दोष आपल्या सगळ्यांचा आहे. कष्ट आणि छळ एकाच कोपीत असू शकतात, पण ते एकच नव्हेत.

हा फरक याच मातीत काम केलेल्या एका बाईने जगून दाखवला आहे. पुण्याहून दौंडला जाताना केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं बालपण म्हणजे अखंड पायपीट. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थी फिरत, पुराणं सांगत, आणि मिळेल त्यावर घर चाले. पुढे दुष्काळाने आई, वडील आणि मोठी बहीण यांना नेलं. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. एवढं होऊनही १८७८ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती म्हटलं.

हे कशाच्या जोरावर? रमाबाईंच्या १८८७ सालच्या इंग्रजी पुस्तकाला रॅचेल बॉडली यांची प्रस्तावना आहे. आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजात डॉक्टर झाल्या त्या कॉलेजच्या त्या डीन. त्यांनी लिहून ठेवलं आहे, की आई लक्ष्मीबाईंना दिवसभर कामातून सवड नसे, म्हणून त्या पहाटेच लेकीला जागं करत. जमिनीवरच्या अंथरुणातून तिला हळूच उचलून घ्यायचं, लाडाच्या शब्दांनी झोप उडवायची आणि रानातली पाखरं बोलू लागली की संथा सुरू करायची. हातात पुस्तक नसे. आईच्या तोंडून येईल तेवढंच पुस्तक. पोट रिकामं असेल, छप्पर नसेल, पण जागं होण्याची भीती नव्हती. तिथे जागं होणं म्हणजे आईच्या कुशीत येणं होतं.

त्या पहाटेचं देणं रमाबाईंनी पुढे फेडलं. अमेरिकेत त्या बालवाडीची शिक्षणपद्धती शिकल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन सुरू केलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. वयाच्या आठव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. विशी उलटल्यावर ती तिथे शिकायला बसली. हीच गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांची पत्नी आनंदीबाई झाली, तिने 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली. रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यावरून झालेला वाद आपल्या जागी राहू दे. टाकलेल्या, हाकललेल्या, अत्याचार सोसून आलेल्या मुलींना तिथे जेवण मिळालं, अक्षर मिळालं, विणकाम आणि छपाईचं काम मिळालं. अंध मुलींसाठी रमाबाईंच्या लेकीने, मनोरमेने, ब्रेल आणली. मेंदूची छायाचित्रं काढायची सोय नव्हती त्या काळात रमाबाईंना उपाय ठाऊक होता. नेमाचं जेवण, ठरलेला दिवस, हाताला काम, आणि नावाने हाक मारणारं माणूस.

आजही उपाय फार वेगळा नाही. घडणारा मेंदू इजा लवकर धरतो, तसा आधारही धरतो. लवकर मिळाला तर अधिक, पण उशिरा मिळालेला आधारही वाया जात नाही, हे गोदूबाईंनी दाखवलं. प्रत्येक पोर मोडतंच असं नाही. जी सावरतात त्यांच्या आयुष्यात बहुतेकदा एक तरी भरवशाचं मोठं माणूस असतं. ते माणूस आईबापच असावं असं नाही. अंगणवाडीच्या ताई चालतात, आत्या चालते, गुरुजी तर नक्कीच चालतात. शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहेच. पण कायदा छडी काढून घेतो, भीती काढायला माणूसच लागतं. फळा पुसण्याआधी 'आता मी फळा पुसतो हं' असं सहज म्हणणारे गुरुजी त्या पहिल्या बाकावरच्या पोराला अर्धा धडा तिथेच शिकवून जातात. पोर दचकतंय, अंगावर वळ आहेत, शाळा सुटली तरी घरी जायला रेंगाळतंय, असं दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर कुणीही फिरवू शकतं. आपलाच हात वरचेवर उगारला जात असेल, किंवा आपलंच जुनं भय रात्री उठवत असेल, तर १४४१६ वर टेली-मानसचे समुपदेशक बोलतात.

उद्या पहाटे दौंडच्या दिशेने पहिली गाडी जाईल, घोड नदीवर धुकं उतरेल, फडाकडे जाणाऱ्या गाड्यांचे बैल घुंगरं वाजवतील. घरात पोर झोपलेलं असेल. शाळेची घाई असेल, डबा व्हायचा असेल. तरी कडी काढताना जरा हळू काढावी, आणि गोधडी ओढण्याआधी नाव घेऊन एक हाक मारावी. ते कुरकुरेल, कूस बदलेल, 'पाचच मिनिटं' म्हणेल.

म्हणू द्यावं.