मी पाहिले, तिने नव्हे

मी गव्हाणचा एक साधा शिक्षक. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. कायद्याची पुस्तके मी उशिरा उघडली, तीही एका मुलाच्या ऋणापोटी.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एका मुलाचे सहलीचे पैसे नाहीसे झाले. मधल्या सुट्टीत अमुक एक मुलगा त्या दप्तरापाशी होता, असे एका मुलीने सांगितले. कधी खोटे न बोलणारी पोर! मी त्या मुलाला वर्गासमोर उभे केले आणि माफी मागायला लावली. तिसऱ्या दिवशी पैसे सापडले. ज्याचे हरवले होते त्याच्याच भूगोलाच्या वहीच्या कव्हरात.

मुलगी खोटे बोलली होती काय? मुळीच नाही. तिने त्याला दप्तरापाशी पाहिले होते. चोरी करताना पाहिले ते मी!

न्यायालये नेमकी येथे सावध होतात. साक्षीदार किती, यापेक्षा कसा, हे ती पाहतात. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि दोहोंच्या मधला. पहिल्या प्रकारचा एकटा साक्षीदारही पुरतो. तिसऱ्याला दुसऱ्या पुराव्याची जोड लागते. पण साक्षीदार खरा ठरला, म्हणजे आरोप सिद्ध झालाच असे नव्हे. १९७३ साली महाराष्ट्रातल्याच एका खुनाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावले, की ‘गुन्हेगार असेल’ आणि ‘गुन्हेगार असलाच पाहिजे’ यांत फार मोठे अंतर आहे. मात्र क्षुल्लक शंकेवर गुन्हेगार सुटू लागले, तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडेल, हेही त्यांनी त्याच निकालात सांगितले. शंका हवी ती वाजवी. मनाचे खेळ नव्हेत.

वाचकहो, या दिवाळीत लाडवांचा डबा हलका झाला, तर हातात डबा दिसलेल्या पोराला चोर ठरवण्यापूर्वी एवढे जरूर विचारा: दिसले किती, आणि आपण जोडले किती?

त्या मुलाची मी वर्गासमोरच क्षमा मागितली. “असू द्या, गुरुजी,” एवढेच तो म्हणाला. ती मुलगी मात्र त्यानंतर वर्षभर ‘मी पाहिले’ म्हणून कधी उभी राहिली नाही. माझ्या एका घाईने एक निरपराध दुखावला, आणि एक खरी साक्षीदार मी गमावली.